दहा दहा, आठ वीस

घड्याळजींच्या बायकोचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. कारण काय, तर तीन दिवस ती नवऱ्याशी बोलत नव्हती आणि त्या गृहस्थांना त्याचा पत्ताच नव्हता. वर नणंदेला फोनवर सांगत होते, हल्ली घरात कसं छान शांत वाटतं. आता काय डोंबल करायचं अशा माणसापुढे!

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्ताची बारीकशी गाठ अडकली. हात वाचले, नजर वाचली. केसाएवढा स्क्रू अजून चिमट्याने अचूक बसवत होते. पण समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग, भीती, दुःख ओळखणारा भाग तेवढा दुखावलाय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हसू तेवढं कळायचं. बाईंनी चेहऱ्यांची बारा कार्डं दिली, मागे उत्तरं लिहिलेली, आणि रोज सराव करून घ्या म्हणाल्या. रोज सराव, रोज बोंब. डोळे वटारलेल्या माणसाला हे म्हणायचे, विचारात दिसतोय. तीस वर्षं तिचा संसार एका भुवईच्या धाकावर चालला होता. आता भुवया ताणून कपाळ दुखलं तरी हे आपले चहा ढोसत बसलेले. उरलेलं आयुष्य असं भिंतीशीच काढायचं की काय, या विचाराने तिची रात्रीची झोप उडायची.

शेवटी तिने कार्डं त्यांच्या कामाच्या टेबलावर आपटली.

"तीन दिवस मी तुमच्याशी अबोला धरलाय."

"मग सांगायचंस की," ते शांतपणे म्हणाले.

अबोला धरलाय हे बोलून सांगायचं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घड्याळजींनी मात्र डोळ्यावरचं भिंग काढलं आणि उघडलेलं घड्याळ तपासावं तसं तिला निरखलं.

"दहा वाजून दहा," ते म्हणाले.

विकायच्या घड्याळांचे काटे ते नेहमी तसे लावायचे, दोन्ही टोकं वर गेलेली. तिच्या भुवया अगदी तशाच होत्या.

"अशा भुवयांच्या कार्डामागे राग लिहिलंय. रागावलीयेस तू."

ते अजून बघतच होते.

"थांब, काटे उतरले. आता आठ वीस." त्यांनी एक कार्ड उलटून पाहिलं. "भीती. कशाला घाबरलीयेस गं?"

ती स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. डोकं धड होतं तेव्हा तीस वर्षांत त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं.