धाकटीला न झालेला झगा

मी राणीचा झगा बोलतोय. मध्ये कुणी तोंड घातलेलं मला खपत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझं कापड एका बंद पडलेल्या नाट्यगृहाच्या पडद्याचं. डाळिंबी मखमल, खालची कड उंदरांनी कुरतडलेली. ताईनं ती उचलून आणली आणि मला शिवलं. ताई म्हणजे आमच्या हौशी संगीत नाटक मंडळाची शिवणारी. मंडळात सगळे दिवसभर भलतीच कामं करणारे. टपाल कचेरीतला कारकून आमचा सेनापती, बेकरीवाला राजा, आणि शाळेतले गाण्याचे मास्तर दिग्दर्शक. शाळेच्या सभागृहात वर्षाला एक नाटक व्हायचं. त्यात गाणी पोटभर, गोष्ट तोंडी लावण्यापुरती.

ताईचा एक नियम होता. कापड आत दाबायचं, कापायचं नाही. "कात्रीला उलटं चालता येत नाही," असं ती म्हणायची. माझ्या प्रत्येक शिवणीत तिनं चार-चार बोटं जादा कापड दाबून माया ठेवली होती, म्हणून मी बारीक-जाड सगळ्यांना झालो. आधी भटाऱ्यावर भाळलेली राणी झालो. मग काळी लेस लावून विधवा झालो. तिचा नवरा तिसऱ्या अंकात जिवंत परत येतो आणि बाईंचा विरस होतो. एकदा तर बेकरीवाल्यालाच सेनापतीची सासू केलं. माझी शिवणन् शिवण उसवली, तरी तो खाली बसला की माझा जीव वर!

ताईकडे पुतळा नव्हता, धाकटी बहीण होती. नायिका कुणीही असो, मला आधी धाकटीच्या अंगावर चढवायचं, खांदे, उंची, घोळ बघायचा, टाचण्या लावायच्या.

"हलू नकोस गं."

"श्वास तरी घेऊ का?"

"बेतानं घे."

धाकटी बावीस वर्षं कोरसमध्ये उभी राहिली, मागच्या रांगेत. सगळ्या नायिकांची सगळी गाणी तिला पाठ. टाचण्या लागत असताना ती गुणगुणायची आणि माझे टाके थरथरायचे. एकदाच पुढे उभं राहून गायचं, एवढीच तिची इच्छा. दर वर्षी ती मास्तरांना विचारायची. अंगानं भरलेल्या धाकटीकडे बघून मास्तर दर वर्षी म्हणायचे, "आवाज तुझाच गं, पण राणी शोभायला नको का?"

शेवटच्या नाटकाला मास्तरांची नवी सून नायिका झाली. अगदी काडी. आरशात बघून म्हणाली, "मावशी, कमरेशी केवढे गठ्ठे हे! मी राणी आहे की गादी?"

सगळे खो खो हसले. ताईच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. ती घरी आली ती कात्री घेऊनच बसली.

"ताई, राहू दे ना," धाकटी म्हणाली. "लागेल कधीतरी."

"कुणाला लागणार आहे? तुला?"

बोलून गेली. कात्री चालली आणि माझी सगळी माया चिंध्यांच्या टोपलीत पडली.

चार दिवसांनी, ऐन प्रयोगाच्या दुपारी, सुनेचा घसा बसला. आवाज म्हणून फुटेना. मास्तर धापा टाकत घरी आले. "धाकटे, ऊठ. आता तूच."

धाकटी हातातलं काम तसंच टाकून उठली. ताईनं मला तिच्या अंगावर चढवलं. पाठीवर वीतभर फट. ताईनं ओढलं, मी ताणलो, टाचण्या वाकल्या. मिटेना. राणीला शोभेल असं मंडळात दुसरं काही नव्हतं.

मास्तर घड्याळाकडे बघत म्हणाले, "असं करू. सून झगा घालून ओठ हलवेल. तू विंगेतून गा."

ती गायली. घरच्या कपड्यांत, पडद्याच्या दोरांपाशी उभी राहून. मी दिव्यांच्या उजेडात होतो. माझ्या आतली छाती हलत नव्हती आणि आवाज बाजूनं येत होता. तसा सूर त्या सभागृहात कधी लागला नव्हता. लोक उठून उभे राहिले. सून चारदा वाकली. धाकटीला बाहेर बोलवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ताई तिच्या शेजारीच होती. तिनंही तिला पुढे ढकललं नाही.

पुढे मंडळ राहिलं नाही. बेकरीवाला वारला, कारकुनाची बदली झाली, सभागृहाचे वर्ग झाले. मी ताईच्या कपाटात पडून राहिलो.

बऱ्याच वर्षांनी ताईनं मला बाहेर काढलं. पाठ उसवली, दुसऱ्याच कुठल्यातरी लाल मखमलीची रुंद पट्टी जोडली. रंग जुळत नव्हता. डोळे अधू झालेले, सुईत दोरा ओवायलाच तिला अर्धी सकाळ जायची. आठ दिवस ती माझ्यापाशी बसली. मग धाकटीच्या पलंगाशी जाऊन म्हणाली, "ऊठ गं. घालून बघ."

मी धाकटीच्या अंगावर चढलो आणि खांद्यावरून घसरलो. आजारानं ती निम्मी उरली होती.

धाकटी आरशात बघून हसली. "शोभते की नाही आता? आत घे थोडं, ताई."

ताईनं टाचणी उचलली आणि परत ठेवली. "गा ना. एकच ओळ."

धाकटीनं श्वास घेतला. तो किती आत गेला ते माझ्याइतकं कुणाला कळणार? दुसऱ्या बरगडीपर्यंतही नाही.

"तू म्हण," ती म्हणाली. "मी ओठ हलवते."

ताईला सूर कशाशी खातात ते ठाऊक नाही. तरी तिनं ते गाणं शेवटपर्यंत म्हटलं. त्याच महिन्यात धाकटी गेली.

आता शाळेनं आमच्या जुन्या नाटकांचं प्रदर्शन मांडलंय. काचेच्या कपाटात मी आहे, शेजारी मला घातलेल्या नायिकांची यादी. तिच्यात धाकटी नाही. पट्टी बरी दिसत नाही म्हणून माझी पाठ भिंतीकडे केलीय. ताई रोज येते, काचेला हात लावते, बोलत काही नाही. तिचं तोंड तिनं एकदाच नको तिथे उघडलं आणि हवं तिथे मिटलेलंच ठेवलं. म्हणून मी बोलतोय. बघायला याल तर शाळेच्या शिपायाला सांगा, कपाट उघड आणि याला फिरवून ठेव.