प्रश्न विचारण्याची पाळी

कप्तानाने अंगठ्याने बटण दाबून घंटी बंद केली आणि समोरच्या काचेवरची दृष्टी न काढता विचारले,

"तुमच्या मुलीच्या बुटाचा नंबर काय?"

उजवीकडच्या आसनावर बसलेल्या सहवैमानिकाने हातातली पाण्याची बाटली सावकाश खाली ठेवली. ती मुलगी कप्तानाची नातही होती. पण 'आपल्या छकुलीच्या' असे म्हणण्याचे दिवस केव्हाच सरले होते.

"नऊ," तो म्हणाला. "डाव्या पायाला जरा सैल होतो. पुढे कापसाचा बोळा घालावा लागतो."

"खरं की खोटं, मला माहीत नाही. पण उत्तर जागेपणीचं आहे. चालेल."

खाली ढगांचे अखंड शुभ्र पठार पसरले होते आणि समोर सूर्य क्षितिजाच्या किंचित वर स्थिर उभा होता. विमान पश्चिमेकडे चालले होते, त्यामुळे दिवस मावळत नव्हता. प्रवाशांनी खिडक्यांचे पडदे ओढून आपापली कृत्रिम रात्र करून घेतली होती. वैमानिकांना ती सोय नव्हती.

घंटीचा नियम कंपनीचा होता. फार वर्षांपूर्वी अशाच एका प्रदीर्घ उड्डाणात दोन्ही वैमानिकांना एकाच वेळी डुलकी लागली होती. अनर्थ टळला, आणि नियम जन्माला आला. ठरावीक वेळाने घंटी वाजावी. एकाने प्रश्न विचारावा, दुसऱ्याने उत्तर द्यावे. पुढच्या घंटीला पाळी उलटावी. कोणी पाळी चुकवली, तर विश्रांतीवरच्या तिसऱ्या वैमानिकाला बोलवावे. प्रश्न विमानाविषयीचा नसावा, कारण उंची आणि वेग माणूस अर्धवट झोपेतही बिनचूक सांगतो. क्षणभर विचार करावा लागेल असेच काही विचारले पाहिजे. स्नेही मंडळी या निमित्ताने एकमेकांच्या शाळेतल्या खोड्या, पहिले प्रेम, बायकोचे रुसवे असे सगळे बाहेर काढीत, आणि उतरेपर्यंत वेळ कसा गेला ते कळत नसे.

या दोघांची गोष्ट वेगळी होती. ठरलेला सहवैमानिक ऐन वेळी तापाने आडवा पडला आणि राखीव म्हणून जो आला, तो कप्तानाचा जावई निघाला. नकार द्यायचा तर कारण सांगावे लागले असते, आणि घरची धुणी कचेरीत धुण्याची दोघांचीही तयारी नव्हती. विमान त्यांच्याच शहराकडे परतत होते. उद्या सकाळी तेथल्या न्यायालयात छकुली कोणाजवळ राहणार याचा निर्णय व्हायचा होता. आईच्या बाजूने मुख्य साक्ष आजोबांची होती.

घंटी वाजली. आता पाळी जावयाची होती.

"तुमची मुलगी पहिलीत होती, तेव्हा तिच्या बाईंचं नाव काय होतं?"

कप्तानाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तेव्हा मी लांबच्या मार्गांवर होतो."

"हे उत्तर नाही झालं, सर."

"मग माझ्याविरुद्ध तक्रार करा. म्हणावं, म्हातारा झोपला होता."

एके काळी हा जावई त्याला 'बाबा' म्हणे, आणि तो त्याला 'जावईबापू' म्हणून चिडवी. आता एकाकडून 'सर' आणि दुसऱ्याकडून 'तुम्ही' एवढाच व्यवहार उरला होता.

मागचे दार उघडून तिसरा वैमानिक डोकावला. त्याच्या विश्रांतीचा अवधी अजून बाकी होता, केस विस्कटलेले होते.

"काय, चालू आहे का तोंडी परीक्षा? कोण पास, कोण नापास?"

"निकाल उद्या आहे," जावई म्हणाला.

तिसऱ्याने हसण्यासाठी तोंड उघडले, दोघांचे चेहरे पाहिले, आणि "चहा पाठवायला सांगतो" असे पुटपुटत दार ओढून घेतले.

चहा आला. तो संपेपर्यंत पुढची घंटी झाली. कप्तानाने कप बाजूला सारला. या वेळी त्याने आसन वळवून जावयाकडे सरळ पाहिले.

"पोरगी एकटी दार उघडून रस्त्यावर गेली. त्या वेळी तुम्ही काय करत होतात?"

"माहीत असलेलं विचारायचं नसतं."

"उत्तर द्या."

"झोपलो होतो. लांबचं उड्डाण करून आलो होतो, खुर्चीत बसलो आणि डोळा लागला. हेच सांगणार आहात ना उद्या? सांगा. खोटं थोडंच आहे?"

"बाप घरात असताना लेकराला परक्या माणसाने उचलून आणावं लागतं, हे सांगणार आहे. आमच्या घरात असं कधी झालं नाही."

जावयाने इंधनाचा आकडा पाहिला, नोंदवला आणि पट्टा उगाच घट्ट केला. पुढची घंटी वाजेपर्यंत तो एकदाही हलला नाही. ती वाजली तेव्हा बंद करण्यासाठी दोघांचे हात एकदमच पुढे आले. कप्तानाने आपला मागे घेतला.

"तुमच्या मुलीच्या पोटरीवर भाजल्याचा डाग आहे. तो कसा पडला?"

"शेजारी खेळायला गेली होती, तिथे उकळतं पाणी सांडलं. मी उड्डाणावर होतो. मागाहून कळलं."

"तुम्ही घरी होतात."

"काहीतरी बरळू नका."

"आतल्या खोलीत होतात. सकाळीच परत आला होतात. तिच्या आई कामावर गेल्या होत्या. तुम्ही उठाल तेव्हा चहा तयार असावा, म्हणून ती स्टुलावर चढली. भांडं कलंडलं." जावयाचा आवाज कोरडा होता. "बाबा झोपले की घरात आवाज करायचा नाही, हा तुमच्याकडचा कायदा. तिने टॉवेल तोंडात कोंबला, फरशी पुसली आणि मग जिना उतरून शेजारच्या काकूंकडे गेली. तुम्ही उठलात आणि चहा नाही म्हणून चिडलात. पुढे आठवडाभर, तुम्ही पुन्हा उड्डाणावर जाईपर्यंत, ती लांब मोजे घालून फिरली. त्याच संध्याकाळी आई आणि काकूंनी मिळून तुमच्यापुरती गोष्ट बदलली, तुमच्या जिवाला लागू नये म्हणून."

कप्तानाच्या गुडघ्यावरची टोपी खाली पडली. ती उचलण्यासाठी तो वाकला नाही.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तिनेच. लग्न झालं त्या वर्षी. बाबांना कधी सांगायचं नाही, असं वचनही घेतलं होतं. मोडलं मी ते." तो क्षणभर थांबला. "आमच्यात मोडण्यासारखं आता तसंही फार उरलेलं नाही."

ढगांचे पठार संपले होते. खाली समुद्र उघडा पडला होता आणि त्यावर सूर्याचा एक लांबच लांब पट्टा थेट विमानापर्यंत येऊन पोहोचला होता. कप्तानाने डोळ्यांपुढे हात धरला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला.

घंटी वाजली. पाळी कप्तानाची होती. घंटी वाजतच राहिली. जावयाने ती बंद केली आणि नियमाप्रमाणे तिसऱ्याला बोलावण्यासाठी बटणावर बोट ठेवले.

"थांबा," कप्तान म्हणाला. "रडली का ती?"

जावयाने बोलावण्याच्या बटणावरचे बोट काढले.

"काकूंकडे गेल्यावर. दार लावून घेतल्यावर."

त्यानंतर दोघांनीही एकमेकांकडे पाहिले नाही. वाऱ्याची दिशा बदलली, नियंत्रण कक्षाशी दोन वाक्ये झाली, नोंदी झाल्या. मग तिसरा वैमानिक केस विंचरून पाळीवर हजर झाला.

"सर, उठा. तुमचा बिछाना घातलाय," तो म्हणाला.

"मी इथेच बसतो. तुम्ही या बाजूला बसा." कप्तानाने मान उजवीकडे हलवली. "यांना सोडा."

"विश्रांती तुमची आहे," जावई ताडकन म्हणाला. "मला तुमचे उपकार नकोत."

"उपकार कोण करतंय? विमान माझ्या हुकमाने चालतं." कप्तानाने पट्टा आवळून घेतला. "जा, झोप जा. उद्या न्यायाधीशांसमोर तारवटलेल्या डोळ्यांनी उभा राहू नकोस."

एकेरी संबोधन ऐकून तिसऱ्याने चमकून दोघांकडे पाहिले. जावई उठला. आसनांमधल्या अरुंद जागेत तो क्षणभर अडखळला; मग त्याने वाकून टोपी उचलली आणि कप्तानाच्या मांडीवर ठेवली.

"आणि तुम्ही? तुम्हालाही उभं राहायचंय तिथे."

"माझी काळजी नको," कप्तान म्हणाला. "उतरेपर्यंतचा वेळ काढायला माझ्याकडे आता विचार करण्यासारखं पुष्कळ आहे."