रविवारीही शंभर ग्रॅम

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. भाजीवाल्याचा नव्हे, प्रयोगशाळेतला. मी काचेच्या पेटीत राहतो, कारण जवळ कुणी श्वास सोडला तरी माझे आकडे हलतात. मला घडवणाऱ्यांनी मला संशयीच घडवले. बोटाचा ठसा, दाराची फट, डोक्यावरचा पंखा, कुणाचाच मला भरवसा नाही. माझ्यावरही कुणी डोळे मिटून भरवसा ठेवू नये, म्हणून इथे एक रीत होती. रोज सकाळी चिमट्याने शंभर ग्रॅमचे वजन माझ्यावर ठेवायचे आणि मी दाखवीन तो आकडा वहीत लिहायचा. शेवटचा आकडा कधी किंचित वर, कधी किंचित खाली. रोज मला तपासले जाई आणि मला ते आवडे.

मग एक संशोधक मुलगी आली. दहादा वजन करायची, म्हणून सगळे तिला शंकाबाई म्हणत. माझे मात्र तिच्याशी लगेच जमले. पाळणाघरांतल्या धुळीवर तिची पीएचडी होती. गाळण कागद आधी तोलायचा, खोलीत महिनाभर टांगायचा, मग पुन्हा तोलायचा. जेवढे वजन वाढले तेवढी धूळ.

अर्धे काम झाले आणि तिला मुलगी झाली. ती सहा महिने रजेवर गेली. टांगलेले कागद तोलायचे काम एका सहकाऱ्याकडे आले. त्याचे नाव पडले होते पटकन. त्याच काळात भिंती रंगवायला काढल्या आणि मला खिडकीशी नेऊन ठेवले. उन्हाने माझे आकडे भरकटू लागले. मी सांगणार कुणाला? शंभर ग्रॅमचे वजन तर डबीतून बाहेरच येत नव्हते.

पुढे रंगकाम संपले, मी जागेवर आलो, प्रबंध झाला, तोंडी परीक्षा झाली, टाळ्या वाजल्या. दुसऱ्याच दिवशी तिचे मार्गदर्शक सर तिला म्हणाले, "पुढची दोन वर्षं इथेच राहा. जागा तयार आहे. उद्या सही करून टाक, म्हणजे आपला लेखही पाठवता येईल."

तिला खटकले. सरांनी तिच्या रजेच्या अर्जावरसुद्धा इतक्या तातडीने कधी सही केली नव्हती. सही करण्याआधी ती माझी वही घेऊन बसली. तिच्या रजेतले सहा महिने, रोज बरोबर शंभर ग्रॅम. एकदाही शेवटचा आकडा हललेला नाही. आणि रविवारीही शंभर.

तिने पटकनला विचारले, "रविवारी लॅब बंद असते ना?"

"अगं, काटा कुठे पळून जातोय? सोमवारी बसून आठवड्याचं लिहून टाकायचो."

"आणि रविवारचं?"

"ते ओघात आलं."

तिने वही सरांपुढे ठेवली. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "टाळ्या वाजून झाल्या. आता कशाला उकरून काढतेस?"

"सर, त्या खोल्यांत माझ्या मुलीएवढी मुलं रांगतात. मी सगळे कागद पुन्हा तोलणार."

"मग जागा थांबायची नाही."

"नाही थांबली तर नाही."

मित्रांनो, मीही धास्तावलो होतो. दोष माझ्यातच निघाला असता, तर मी थेट भंगारात. तिने आधी मला तपासले, आकडा जसा होता तसा लिहिला आणि मग तिच्या रजेत तोललेले, बंद डब्यांत जपून ठेवलेले चाळीस कागद एकेक करून तोलले. एकतीस जुन्या नोंदींशी जुळले. नऊ पाळणाघरांच्या खोल्या मात्र होत्या त्याहून स्वच्छ दाखवल्या गेल्या होत्या.

प्रबंधात दुरुस्ती हवी, असे तिने विद्यापीठाला कळवले. पदवी अडली. जागा पटकनला मिळाली. नवऱ्याचा फोन आला तेव्हा ती माझ्याशेजारीच बसली होती.

"मग आता तू डॉक्टर आहेस की नाहीस?"

"तूर्त आई आहे. बाकीचं ते कळवतील."

"आणि पुढे काय?"

"पुढे नऊ पाळणाघरं. प्रत्येकाला जाऊन खरा आकडा सांगायचा. आज दोन होतील. तू मुलीला लवकर घेऊन ये घरी."

ती गेली. आता मला रोज कोण तपासते, ते विचारू नका. मला पुसा, झाकून ठेवा, तेवढी माया मला पुरत नाही. माझ्यावर संशय घ्या. ज्याला रोज कुणी तपासत नाही, तो काटा खोटे बोलू लागला तरी त्याचे त्यालाही कळत नाही.