रिकाम्या दुपारी शिकलेला हातमोजा

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालवायची, काळ्या रंगाची. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, कपड्यांच्या खोलीत माझे सारे आयुष्य गेले. माझ्यासोबत कारखान्यातून निघालेल्या बहिणी कोणाकोणाच्या घरी गेल्या, झबली आणि परकर शिवू लागल्या. माझ्या वाट्याला आल्या फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे आणि डॉक्टरांचे हिरवे डगले. सरळ टीप घालायची, दोरा तोडायचा, पुढची चादर घ्यायची. नव्या कोऱ्या कापडाचा वास कसा असतो, हे मला फार उशिरा कळले.

मला चालवणारी शिवणमावशी अबोल होती. सकाळी आल्या आल्या ती मला तेल घाली, फडक्याने पुसे आणि मगच चष्मा लावी. तिच्या हाताखाली एकोणीस वर्षे मी कधी अडले नाही.

मग रुग्णालयाने धुलाईचे काम बाहेर दिले. फाटलेली चादर शिवत बसायचे नाही, टाकून नवी आणायची, असा हुकूम निघाला. सकाळचे थोडे काम उरले, पण दुपारी बारानंतर आमच्या खोलीत शुकशुकाट असे. चादरी मोजून देणारे भांडारकाका टेबलावर डोके टेकून घोरत. मावशीला ते म्हणत, "पगार चालू आहे ना? मग पडा जरा. काम नाही म्हणून कोणी झुरतं का?"

मावशी झुरत नव्हती, नुसती बसून असे. मला तीन-तीनदा पुसे. अशी दोन वर्षे गेली.

एका दुपारी आमच्या दारासमोरच्या बाकावर एक गृहस्थ येऊन बसले. घड्याळे दुरुस्त करणारे होते. दुकानातल्या आगीत त्यांचे दोन्ही हात भाजले होते. मावशीने त्यांना पाणी दिले, तर त्यांना पेला बोटांनी धरता येईना. दोन्ही मनगटांमध्ये दाबून त्यांनी तो कसाबसा तोंडाशी नेला. पाणी शर्टावर सांडले. "राहू द्या हो, वाळेल," असे म्हणून ते ओशाळून हसले.

ते गेल्यावर मावशी समोरच्या खोलीत गेली. भाजलेल्या रुग्णांच्या हातांना तिथे व्यायाम देत. तिथल्या बाईंना तिने विचारले, "त्यांची बोटं अशी कशी वळली?"

बाई म्हणाल्या, "जखम भरली की कातडी जाड होते, आखडते. व्यायाम तर लागतोच, पण सतत दाब देणारा घट्ट हातमोजाही लागतो, आणि तो वेळेवर मिळावा लागतो. आपण मापं दुसऱ्या गावी पाठवतो. यांचा हातमोजा यायला तीन महिने लागले. तोवर बोटं वळलीच."

"शिवतात कसा तो?"

"मावशी, ते चादरीसारखं नसतं."

"ते कळलं हो मला. पण शिवतात कसा?"

बाईंनी कपाटातला एक जुना हातमोजा काढून दिला.

दुसऱ्या दुपारी मावशीने तो टीप-टीप उसवला. प्रत्येक तुकडा वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने त्याच्या कडा आखल्या. बाई वेळ मिळेल तशा येत आणि शिकवत. प्रत्येक बोटाचे माप कुठे कुठे घ्यायचे, त्यातून किती कमी करायचे, बोटांची टोके उघडी का ठेवायची. मावशीचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. शेकडेवारीचा हिशेब तिला काही केल्या जमेना. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी तिने आकडेमोडीने भरून टाकल्या.

आणि मी? मित्रांनो, खरे सांगायचे तर सुरुवातीला मीच तिला तोंडघशी पाडले. ते ताणले जाणारे कापड माझ्या दातांखालून सटकत होते. पहिल्या हातमोज्यात हात घालताच माझी टीप तटातट तुटली. मावशीने बोथट टोकाची सुई आणली, सुती दोऱ्याऐवजी ताणला जाणारा दोरा लावला, कापड दोन्ही हातांनी ताणून धरत बारीक टीप घालायला ती शिकली. एकोणीस वर्षे सरळ चालणारी मी त्या दुपारींमध्ये पुन्हा चालायला शिकत होते.

"परीक्षेला बसणार वाटतं या वयात!" भांडारकाका म्हणत.

अकरा हातमोजे वाया गेले. बारावा मात्र हाताला नीट बसला. मावशीने तो दिवसभर स्वतःच्या हातात घातला. संध्याकाळी तिची नखे निळसर पडली. दाब जास्त झाला होता. "हा कोणाच्या भाजलेल्या हाताला घातला असता तर?" एवढेच ती बोलली आणि उसवायला बसली.

त्याच सुमारास रुग्णालयाचा कारभार पाहणारे साहेब फाइल घेऊन आले. शिवणकामाची जागा बंद करायचा विचार चालला होता.

"दिवसभर करता काय तुम्ही?"

"सकाळी चादरी. दुपारी शिकते."

"शिकायला सांगितलं कोणी?"

"कोणी नाही, साहेब."

साहेबांनी काहीतरी लिहिले आणि निघून गेले. त्या दिवशी मावशीचा पाय पायडलवर नुसताच टेकलेला राहिला.  पण दुसऱ्या दुपारी तिने पुन्हा टेप उचलली.

आणखी चार महिन्यांनी एका आठ वर्षांच्या मुलीला घेऊन तिचे वडील आले. उकळते पाणी उजव्या हातावर पडलेले. जखम नुकतीच भरली होती. बाई स्वतः आमच्या दारात आल्या. "मावशी, तयार आहात?"

"नाही," मावशी म्हणाली. मग चष्मा पुसत म्हणाली, "पण माप घेते."

पाचव्या दिवशी हातमोजा तयार झाला. डॉक्टरांनी आणि बाईंनी बोटांचा रंग पाहिला, दाब पाहिला, एक शिवण थोडी सैल करायला सांगितली. नंतर दर आठवड्याला मुलगी येई. कधी टीप आत घ्यावी लागे, कधी सगळाच नवा शिवावा लागे. असे जवळजवळ वर्ष गेले. एके दिवशी तिने हातमोजा काढला आणि माझ्या फळीवर पंजा पसरून ठेवला. पाचही बोटे सरळ टेकली. कातडीवर डाग होते, पण बोटे सरळ होती. तिचे वडील दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

घड्याळवाले गृहस्थ त्या दिवशी तिथेच होते. मावशीने निरोप धाडून त्यांना बोलावले होते आणि त्यांच्यासाठीही हातमोजे शिवले होते. त्यांची खाज आणि सूज कमी झाली. वळलेली बोटे मात्र सरळ झाली नाहीत. त्यांनी त्या मुलीच्या पंजाकडे बराच वेळ पाहिले.

मावशी हळूच म्हणाली, "दादा, तुम्ही भाजलात त्याच्या कितीतरी आधीपासून मी इथे दुपारभर नुसती बसून होते."

"तुम्हाला कुठे ठाऊक होतं?" ते म्हणाले.

"ठाऊक नव्हतं. पण वेळ होता."

त्यांनी आपला वाकडा हात तिच्या खांद्यावर ठेवला. 

शिवणकामाची जागा बंद झाली नाही. नागमोडी टीप घालणारी विजेची नवी मशीन आली, आणि मला खिडकीशी सरकवले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू! पण दुपारी वॉर्डातल्या दोन मदतनीस बाया शिकायला येतात, तेव्हा मावशी त्यांना आधी माझ्यापाशी बसवते. परवा तर भांडारकाकाही आले. चष्मा कपाळावर, सुईत दोरा ओवता येईना. कोणी हसले नाही. माझ्यावर आता त्यांच्या चुका होतात, टिपा तुटतात, सुया मोडतात. हे काम मला चादरींहून मोलाचे वाटते.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना गंज चढू देऊ नका. अधूनमधून तेल घाला, पुसून ठेवा. आणि तुमच्या कामात कधी एखादी शांत दुपार आली, तर तिलाही असेच जपा. तेव्हा शिकलेले कधी, कोणाच्या उपयोगी पडेल, हे तुम्हाला ठाऊक नसेल. ज्याला त्याची गरज पडणार आहे, त्यालाही ते अजून ठाऊक नसते.