सरांचं आतडं

आतडं तपासायच्या दुर्बिणीच्या मुठीवरचं काळं रबरी बूच नीट बसत नव्हतं. अंगठ्याने दाबलं की बसायचं, अंगठा काढला की एका कडेने पुन्हा उचलायचं – नवीन आहे, मॅडम, हल्ली सगळी अशीच येतात, सिस्टर म्हणाली – आणि तिला, डॉक्टरला, त्या बुचाचाच राग आला. म्हणजे राग आधीपासून होता, सकाळी दात घासतानाही होता, बुचाने त्याला फक्त टेकायला जागा दिली. ‘दुसरं दे,’ ती म्हणाली. आवाज नको तेवढा चढला.

टेबलावर डाव्या कुशीवर सर झोपले होते. गुडघे पोटाशी घेतलेले, पाठीमागे उघडा हिरवा गाऊन, पायांत मोजे. ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने वॉर्ड गप्प व्हायचा ते विभागप्रमुख, ज्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवून तिला पहिल्यांदा दुर्बीण वळवायला शिकवली ते सर.

‘कुणाकडून करून घ्यायचं हा प्रश्नच नव्हता,’ भिंतीकडे तोंड करून सर म्हणाले. ‘तुझ्यासारखा हात आपल्याकडे दुसऱ्या कुणाचा नाही. फक्त लवकर आटप बाई. ते जुलाबाचं पाणी पिऊन रात्रभर नुसत्या येरझाऱ्या चालल्यात.’

सिस्टर हसली. ती स्वतः हसली नाही. मास्कमुळे ते कुणाला कळलं नाही. साथीने मागे ठेवलेली ही एवढी एकच सोय.

सकाळी ताईला फोनवर सांगितलं होतं, आज सरांची तपासणी आहे.  ताई म्हणाली, ‘नीट बघ हं त्यांचं. घाई करू नकोस.’ कसं म्हणाली? तिने तेव्हापासून ते वाक्य कितीदा तरी उलटून पाहिलं, पण त्याच्या आत टोमणा सापडेना. ताई तशी नव्हतीच. ऑपरेशननंतर शौचासाठी पोटावर पिशवी आली तेव्हाही म्हणाली होती, चला, आता लग्नाकार्यात बाथरूम शोधत फिरायला नको… आणि हसली होती, आणि तिला मात्र त्या हसण्याने काहीतरी फोडावंसं वाटलं होतं.

गुंगीचं औषध गेलं. सरांचा खांदा सैल पडला. तिने दुर्बीण आत घातली.

पडद्यावर गुलाबी, ओलसर बोगदा. वळण. पुन्हा वळण. हात आपोआप चालत होता, आणि हात आपोआप चालतो तेव्हा डोकं मोकळं सुटतं – साथीच्या त्या वर्षी ही खोली बंद होती. माईंमुळे. माई म्हणजे या खोलीच्या जुन्या सिस्टर. रक्ताच्या उलट्या होणाऱ्या एका माणसाला दुर्बीण घालताना त्या शेजारी उभ्या होत्या, त्याला खोकला आला, आणि पुढच्या आठवड्यात माई याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, नळ्या लावून पडल्या होत्या. उठल्या नाहीत. सरांनी खोलीला कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. ‘या खोलीपायी आणखी एक माणूस मी घालवणार नाही. जीव जातोय असा पेशंट सोडून सगळे थांबतील.’ आणि ती रडली होती, सरांसारखा माणूस नाही म्हणून, चक्क कृतज्ञतेने…

त्याच महिन्यात ताईला रक्त दिसलं. ‘मूळव्याध असेल,’ सर म्हणाले, ‘पन्नाशीसुद्धा नाही तिची. थांबू दे. तुझी बहीण म्हणून कुलूप काढलं तर बाहेरच्यांना काय तोंड दाखवू?’ बरोबर होतं. हेच तर असह्य होतं, की बरोबर होतं. चुकलेल्या माणसाचा राग करता येतो, त्याला एक तळ असतो. बरोबर असलेल्या माणसाचा राग नुसता खाली खाली जात राहतो.

आणि प्रयोगशाळेतला तिचा स्वतःचा तो फ्रीजर. ज्यांच्या आतड्यातले मोड, पुढे कर्करोग होऊ शकणारे बारके कोंब, काढले त्यांच्या शौचाचे नमुने ती वर्षानुवर्षं जमवत होती – कुणाला पुन्हा मोड येतात, कुणाला नाही, आतल्या जंतूंवरून आधी कळेल का – घरचे नाक मुरडायचे, नवरा म्हणायचा, आमच्या हिचा खजिना. साथीचे स्वॅब ठेवायला जागा हवी म्हणून सरांनी तो रिकामा करवला. तेही बरोबरच.

पण नंतर सरांनी शोधनिबंध लिहिला. खोली बंद राहिल्याने किती कर्करोग उशिरा सापडले यावर. परिषदेत मंचावर उभं राहून त्यांनी आलेख दाखवला. रेघ खाली जाते, सपाट होते, मग अचानक चढते. त्या चढावर कुठेतरी ताई होती. सर म्हणाले, ‘दुर्दैवाने’. टाळ्या वाजल्या. लेखकांमध्ये तिचंही नाव होतं, तिसरं, आणि चहाच्या वेळी लोक तिचंही अभिनंदन करत होते, आणि मी – मी हसून थँक्यू म्हणत होते.

दुर्बीण टोकाला पोचली. सगळीकडे लख्ख, तुकतुकीत. या वयात असं आतडं!  काहीतरी असावं, असं तिला वाटलं. फार मोठं नको… का नको? मोठंच असू दे. हा विचार इतका साधेपणाने आला की तिने मान वळवून सिस्टरकडे पाहिलं, हिला ऐकू तर गेलं नाही ना.

आत जाताना फक्त वाट काढायची, बघायचं ते परतताना. हे सरांनीच शिकवलेलं. ती परतू लागली. एकेक घडी उलगडत, पाणी मारत, पुसत, झडती घ्यावी तशी. कुणाच्या घरात शिरून कपाटं उपसावीत तशी. उजवीकडचा भाग संपला तशी ती पुन्हा मागे गेली.

‘मॅडम, इथलं बघून झालं ना?’

‘परत बघतेय.’

आणि दुसऱ्यांदा, एका घडीच्या पाठीमागे, शेंबडासारखा पातळ पिवळसर थर. पाणी मारलं. निघाला. खाली फिकट, चपटं, आजूबाजूच्या अस्तरात मिसळून गेलेलं काहीतरी – नखाएवढं. सहज सुटलं असतं. तिच्याच हातून, कुठल्याही दुसऱ्या दिवशी, सुटलं असतं. छातीत आनंद उसळला. सापडलास! मग तो आनंद तिथेच उभा राहिला, कुठे जायचं ते न कळून, कारण हे काढलं की सर वाचणार होते.

‘माई,’ सर गुंगीत पुटपुटले, ‘लाइट कमी कर गं जरा.’

सिस्टरने वर पाहिलं. ‘माई कोण?’

‘सुई दे,’ ती म्हणाली.

खालून औषध टोचून तिने तो भाग फुगवला, तारेचा फास टाकला, आवळला. हात किंचितही हलला नाही.

नंतर सर पडद्याआड चहा पीत बसले होते, केस विस्कटलेले, एकदम म्हातारे. ‘काही नाही ना?’

‘होतं. उजवीकडे, घडीच्या मागे. चपटं. पूर्ण निघालंय, तपासायला पाठवलंय.’

सर कपाकडे बघत राहिले. ‘मला नसतं दिसलं,’ ते म्हणाले. ‘तुला कसं गं दिसलं?’

 त्यांनी तिचा हात धरला. तो ओढून घ्यावासा वाटत असतानाच ते म्हणाले, ‘तुझी ताई कशी आहे? रोज विचारीन म्हणतो. जीभ रेटत नाही.’

‘बरी आहे,’ ती म्हणाली, आणि हात काढून घेतला. आज का विचारलं? आजच का? इतके दिवस न विचारल्याचा राग कसा हाताशी होता, स्वच्छ, धारदार. आता तोही धड राहिला नाही.

पुढचा पेशंट आत आला होता. निवृत्त बसचालक. साथीत याचीही तारीख पुढे ढकलली गेली होती, मग बायको आजारी पडली, मग राहूनच गेलं. ‘सावकाश चालवा हं मॅडम,’ टेबलावर चढता चढता तो म्हणाला, ‘वळणं फार आहेत.’ सिस्टर खळखळून हसली. साधा, भला माणूस. त्याने तिचं काही वाईट केलं नव्हतं.

ती टोकापर्यंत पोचली. परत फिरली. पडद्यावर घड्या, एकामागून एक, सगळ्या गुलाबी, सगळ्या निरोगी दिसणाऱ्या. ती त्यांच्याकडे बघत होती, बघत होती, आणि तिच्या लक्षात आलं की आत काहीच पेटत नाहीये… सरांना रागाने पाहिलं, या माणसाला मी कशाने बघू? तिने एक घडी बाजूला सारली. मग तीच घडी पुन्हा. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या डोळ्यांची भीती वाटत होती.