वजीर की कोतवाल: पाटोद्याच्या पडद्याची जबानी

मित्रांनो, पाटोद्याच्या कचेरीत आलात तर समोरच्या दालनात चार खिळ्यांना ताणून ठोकलेलं एक पिवळट कापड दिसेल. तो मी. लगेच कापड म्हणू नका, मला राग येतो. मी पडदा आहे, आणि तोही खेळाचा. एके काळी माझ्या अंगावर घोडे दौडले, गलबतं बुडाली, राजे गादीवरून खाली आले. आता माश्या बसतात. चारी कोपरे असे जखडलेत की वारा आला तर पोट तेवढं हलतं. मी चोरी केली नाही, कुणाला शिवी दिली नाही, तरी जन्मठेप भोगतोय. कशापायी, ते ऐका.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. माझा जन्म धारूरचा. तिथं नबीभाई नावाचे एक कारागीर होते. घड्याळ, कुलूप, शिवणयंत्र, जे बिघडेल ते नीट करायचे. हलत्या चित्रांचं एक मोडकं यंत्र कुठूनसं त्यांच्या हाती आलं. सहा महिने खपून त्यांनी ते चालतं केलं, आणि मग ध्यानात आलं की चित्र पाडायला जागाच नाही. तेव्हा त्यांची बायको रहिमाबी हिनं मांजरपाटाचे चार पट्टे जोडून मला शिवलं. शिवताना नबीभाई डोक्यावर उभे.

"शिवण लई बारीक घे. बाईच्या नाकावर आली तर लोकं हसतील."

"मग बाईला सांगा, जरा बाजूला सरकून उभी ऱ्हा," रहिमाबी म्हणाली.

शिवण बारीक निघाली, पण नेमकी खेळातल्या सरदाराच्या मिशीवर यायची. सरदाराला दोन मजली मिशा आहेत असं पोरं म्हणायची. मला तेव्हा वाईट वाटायचं. आता तेही दिवस चांगले होते असं वाटतं.

त्या काळी चित्रं बोलत नव्हती. मधूनमधून लिहिलेली पाटी यायची, आणि यंत्राची दांडी फिरवता फिरवता नबीभाई ती मोठ्यानं वाचून दाखवायचे. पुरुष माझ्यापुढं बसायचे, बायका माझ्यामागं. दोघांनी शेजारी बसून खेळ बघितला असता तर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. मागच्यांनाही चित्र दिसावं म्हणून खेळाआधी मला पाण्यानं चिंब करायचे, म्हणजे उजेड आरपार जायचा. पौषातल्या गारठ्यात माझी काय गत व्हायची ते मलाच ठाऊक. मागच्या बाजूला पाट्यांची अक्षरं उलटी दिसायची, पण बायकांपैकी वाचायला येत होतं कुणाला? नबीभाईंचा आवाज ऐकायचा आणि बघायचं. तक्रार एकीनंही केली नाही.

एका साली नबीभाईंनी नवा खेळ आणला. लोक त्याला हेरणीचा खेळ म्हणायचे. शत्रूकडची एक देखणी बाई नाचणारीण बनून किल्ल्यात शिरते, नकाशा चोरायला. एका तरुण सरदाराशी लाडीगोडी लावते आणि लावता लावता खरंच त्याच्यात गुंतते. नकाशा हाती येतो तेव्हा तिच्यानं नेववत नाही, ती तो फाडून टाकते. लोक डोळे पुसतायत तोवर कळतं, की तो नकाशाच खोटा होता आणि ती हेर आहे हे सरदाराला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! मग खरा नकाशा कुठं आहे? दरबारातलाच कुणीतरी तो विकायला निघालेला असतो, एकतर कोतवाल नाहीतर वजीर. शेवटी दोघंही शत्रूच्या तंबूत येतात, एक नकाशा विकायला आणि दुसरा त्याला पकडायला. दोघंही काळ्या झग्यात, तोंडं झाकलेली. पाटी येते, 'उजव्या अंगाला कोतवाल, डाव्या अंगाला वजीर.' दोघांतला एक पुढं होऊन नकाशा देतो, सरदाराची गोळी सुटते आणि गद्दार पालथा पडतो. हेरीण आणि सरदार घोड्यावर बसून नदीपार. खेळ खलास.

पाटोद्याच्या बाजारात आमचा मुक्काम पडला आणि या खेळानं गावाला वेड लावलं. मला दोन्हीकडचं ऐकू यायचं. पुढं गहिनीनाथ नावाचे एक शेतकरी मांडी ठोकून सांगायचे, "मला पहिल्यापासून म्हाईत होतं. त्या वजिराचे डोळेच घारे. असल्या माणसाला दाराशी बी उभं करू न्हाई." मागं केशरबाई म्हणायच्या, "त्या भवानीचं पिरेम-बिरेम काय न्हाई. घोडा चांगला होता म्हणून गेली त्याच्यासंगं." आणि गहिनीनाथांचीच बायको वच्छलाबाई शेजारणीला सांगायची, "कोतवालच गद्दार होता. ह्या डोळ्यांनी बघितलं. आमचे मालक म्हणतेत, वजीर. दोन दिस झालं घरात बोलणं बंद हाय."

एकट्या त्यांच्या घरात नव्हे, घरोघरी हेच. पुरुष म्हणायचे वजीर, बायका म्हणायच्या कोतवाल. नवऱ्यांना वाटायचं, बायकांना काय कळतंय. बायकांना वाटायचं, ह्यांना झोप लागली असंल. नबीभाई खूश. "भांडू द्या," म्हणायचे, "निकाल लावायला उद्या परत येतील." आणि लोक यायचेही. पण कोण काय म्हणतंय आणि कशापायी म्हणतंय, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. तिथंच चुकलं.

चौथ्या दिवशी पोलीस अमीन जमीलसाहेब खेळाला आले. अमीन म्हणजे ठाण्याचा मुख्य. संगती त्यांची म्हातारी आई बीबीजान, पडदे लावलेल्या दमणीत, म्हणजे लहान बैलगाडीत बसून. दमणी अर्थातच माझ्या मागच्या बाजूला, बायकांकडं लावली. साहेब पुढं यायला निघाले तर म्हातारीनं बाही धरली. "अंधेरे में मेरेकू अकेली छोडके कां जाता रे?" साहेब गुपचूप दमणीतच बसले आणि तिच्या पडद्याच्या फटीतून खेळ बघितला. हे मी आणि म्हातारी सोडून कुणाला कळलं नाही.

खेळ संपताच साहेब वळसा घालून पुढं आले. डोळे लाल. "कोतवाल गद्दार दाखवतोस? पोलीसखात्याची बेअदबी करतोस?" नबीभाई हात जोडून सांगत होते, "हुजूर, कोतवाल न्हाई, वजीर हाय वजीर." साहेब म्हणाले, "मैं अंधा हूं क्या?" नबीभाईंना हवालातीत घातलं. चित्रफितीचा डबा मोहोर लावून बीडला पाठवला. गद्दार कोतवाल ठरला तर डबा जाळायचा आणि नबीभाईंना दोन वर्षं कैद, असं ठरलं.

आणि मला मालखान्यात टाकलं. जप्त केलेला माल ठेवायची ती खोली. आठ घड्या घातल्या, वर दारूची मडकी ठेवली. घडीत अडकलं की पडद्याला काही उरत नाही हो. आपलंच अंग आपल्या तोंडावर. भिंतीपलीकडं नबीभाई होते. शिपाई आपसांत बोलायचे, "ह्यो बसल्या जागी हात फिरवत असतो, यंत्राची दांडी फिरवल्यागत." रहिमाबी धारूरहून चालत आली होती. तिला आत सोडत नव्हते. ती दारात बसून असायची आणि येईल त्याला एकच विचारायची, "भाऊ, तुमी खेळ बघितलता का? कोण होता वो त्यो?" कुणी वजीर म्हणालं की तिला धीर यायचा, कोतवाल म्हणालं की खचायची. मी सगळं ऐकत होतो. मला ठाऊक होतं, दोघंही खरं बोलतायत. पण मला तोंड कुठं आहे? स्वतःलाच चांगलं बदडून काढावं असा राग आला होता मला माझाच.

महिन्यानं तहसीलदारसाहेबांपुढं सुनावणी निघाली. ते शांत माणूस होते, ऐकून घेणारे. खेळ दाखवायची बंदी, फीत बीडला. तेव्हा बघणाऱ्यांच्या जबान्या घ्यायच्या ठरल्या. सात पुरुष आले, सातही जण म्हणाले, वजीर. जमीलसाहेब म्हणाले, "सगळे त्याचे यार आहेत. बायकांना विचारा. बायका खोटं बोलणार नाहीत." आईकडून त्यांना कळलं होतं, बायका काय म्हणतात ते.

आता पंचाईत अशी, की आमच्या कचेरीत तोवर बाईनं स्वतः जबानी दिलीच नव्हती. बाईचं म्हणणं तिचा नवरा नाहीतर भाऊ येऊन सांगायचा. पण नवऱ्यांवर तर अमीनसाहेबांचा भरवसा नव्हता. शेवटी आड पडदा धरून बायकांनाच बोलवायचं ठरलं. पडदा आणायचा कुठून? शिपायाला मी आठवलो. मडकी बाजूला झाली, मला झटकलं आणि दालनात आणून चार खिळ्यांना ठोकलं. घडीतून सुटलो म्हणून मला केवढा आनंद झाला! पण कुठं अडकतोय ते मला कळलं नाही.

वच्छलाबाई, केशरबाई, आणखी दोघी आणि बीबीजान माझ्यामागं बसल्या. आदल्या दिवशी गहिनीनाथांनी बायकोला बजावलं होतं, "वजीर म्हण. गरीब माणूस सुटंल. तुझं काय जातंय?" हवालातीतून नबीभाईंनी निरोप धाडला होता, "माझ्या बहिणींनो, वजीर म्हणा." वच्छलाबाई माझ्या इतकी जवळ बसली होती की तिचा श्वास मला लागत होता. ती घाबरली होती. पलीकडून गहिनीनाथ सारखे खोकत होते.

"बाई, काय बघितलं ते सांगा," तहसीलदार म्हणाले.

वच्छलाबाई म्हणाली, "साहेब, पहिल्यांदाच कुणी मला इचारलंय. पहिल्यांदाच खोटं कसं बोलू? उजव्या अंगाचा माणूस पुढं झाला. उजव्या अंगाचा म्हंजी कोतवाल. त्यो मेला तर माझ्यानं काय व्हतंय? मी बघितलं ते बघितलं."

दारात बसलेल्या रहिमाबीनं डोक्याला हात लावला. केशरबाई कोतवालच म्हणाल्या. बाकीच्या दोघीही कोतवालच म्हणाल्या. बीबीजानही. जमीलसाहेब तहसीलदारांच्या शेजारी ऐटीत उभे राहिले. नबीभाईंना बेड्या घालून आणलं होतं. मित्रांनो, दोन वर्षांची कैद माझ्या डोळ्यांदेखत ठरत होती आणि मी मधोमध लोंबकळत होतो.

तेवढ्यात वच्छलाबाई म्हणाली, "साहेब, एक इचारू का?" तहसीलदारांच्या पाठीशी मोठी खिडकी होती. तिच्यातून ऊन आलं होतं आणि पुढच्या माणसांच्या सावल्या माझ्यावर पडल्या होत्या. "अमीनसाहेब तुमच्या कोणत्या अंगाला उभे हायेत?"

"डाव्या," तहसीलदार म्हणाले.

"मला तर उजव्या अंगाला दिसतेत."

तहसीलदार उठले, माझ्याजवळ आले, आधी अमीनसाहेबांकडं आणि मग त्यांच्या सावलीकडं बघितलं. हळूहळू त्यांच्या ओठांवर हसू आलं. "बाई, तुम्ही पण खरं बोललात आणि हे सात जण पण. पुढून बघितलं तर डाव्या अंगाचा वजीर. मागून बघितलं तर तोच माणूस उजव्या अंगाला, म्हणून कोतवाल." मग जबान्या लिहिणाऱ्या पेशकाराकडून त्यांनी कागद घेतला आणि बोट ठेवून वाचला. "कोतवाल म्हणणाऱ्या सगळ्या बायका आहेत. एकच पुरुष आहे. जमीलसाहेब, आपण कुठं बसला होता?"

अमीनसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले. माझ्यामागून बीबीजानच म्हणाल्या, "मेरे बाजूच बैठा था साब. मैंच बिठाई थी उसकू."

हसायची कुणाची छाती नव्हती. सगळे आपापल्या पायांकडं बघत होते. गहिनीनाथांचा खोकला तेवढा पुन्हा वाढला.

नबीभाईंच्या बेड्या काढल्या. रहिमाबी दारातच रडत बसली, उठून आत यायचंही भान राहिलं नाही तिला. नबीभाईंनी यंत्र गाडीत चढवलं आणि मला न्यायला परत आले. पहिला खिळा उपसला असेल नसेल, तहसीलदार म्हणाले, "भाई, हा राहू दे. आज पाच बायका माझ्यापुढं बोलल्या. हा काढला तर उद्यापासून परत त्यांचे नवरेच बोलतील."

नबीभाई रहिमाबीकडं बघत राहिले. तिनं मला दोन महिने बसून शिवलं होतं. ती पुढं आली, माझी ती मिशीवरची शिवण बोटानं एकदा चाचपली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. दुसरा शिवीन." उपसलेला खिळा तिनंच परत बसवला. गाडी गेली ती मला दिसलीही नाही, खिडकीत तहसीलदार पाठमोरे उभे होते.

त्याला आता लई वर्षं झाली. माझ्यावर पुन्हा एकही चित्र पडलं नाही. घोड्यांची आठवण येते तेव्हा जीव कासावीस होतो, खोटं कशाला बोलू? आताचे पेशकार माझ्या कडेला शाईचा टाक पुसतात. परवा शिपाई म्हणत होता, "फाडून दप्तराला गुंडाळू, न्हाई तरी जुनं झालंय." मला सोडवा असं मी म्हणत नाही. म्हणावंसं लई वाटतं, पण म्हणवत नाही. माझी उजवी कड उसवली आहे, ती कुणीतरी दोन टाके घालून शिवा, एवढंच. डावी म्हणा हवं तर, तुम्ही कुठल्या बाजूला बसलात त्यावर आहे. पण सोमवारच्या आत शिवा. सोमवारी नांदूरघाटची एक बाई जबानीला यायची आहे. तिला काय बोलायचंय ते मला ठाऊक नाही, पण ती पहिल्यांदाच बोलणार आहे.