लाल चौकोनातली खाण

ऑफिसात तिला सगळे बेडूकबाई म्हणत आणि तिला त्यात वावगं वाटत नसे. अख्ख्या प्रदेशाचे चौकोन पाडायचे, दुर्मीळ जीव कुठे जास्त आणि त्यांच्या मुळावर काय उठलंय ते ताडायचं, मग आधी काय वाचवायचं ते ठरवायचं, हे तिच्या गटाचं काम. सगळ्यांत निकडीचे चौकोन नकाशावर लाल होत.

त्या लालात तिच्या सख्ख्या थोरल्या भावाची दगडखाण आली. तिने गटातल्या नकाशेवाल्याला सगळं पुन्हा तपासायला लावलं. लाल ते लालच. खाणीमागच्या ओल्या कड्यात दोन जातींचे बेडूक होते, ते दुसरीकडे कुठेच सापडले नव्हते.

खाण बंद होणार हे दादाला कळलं तेव्हा तो आधी हसला. बेडकांना म्हणावं भाडं भरा, म्हणाला. मग वहिनीने विनवण्या केल्या, आईने गळ्याची शपथ घातली. ती बधली नाही, तशी दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भरदुपारी तो दोन माणसं घेऊन ऑफिसात शिरला. हातात पहार. पहिल्या फटक्यात दाराची काच गेली, मग एकेक स्क्रीन. नकाशेवाला आपल्या यंत्रापुढे हात पसरून उभा राहिला. पहार त्याच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. दादाची माणसंही तो ऐकून थबकली आणि पाय लावून पळाली.

दादाने पहार टाकली, तिचे केस धरले आणि तिचं तोंड फुटक्या काचेवर दाबलं.

"पुसून टाक ते लाल."

गालात काच रुतत होती. चाचपडताना हाताला सूक्ष्मदर्शकाची लोखंडी बैठक लागली. तिने ती उचलून त्याच्या कानशिलात हाणली. तो गुडघ्यावर आला. दुसऱ्या घावाला आडवा झाला. तो निपचित पडल्यावरही तिने तिसरा घातला.

नकाशाची प्रत वरिष्ठांकडे पोचलेली होतीच. कडा राखीव झाला, खाणीला टाळं लागलं. गुन्हे मात्र भावाबहिणीवर, दोघांवरही दाखल झाले. नकाशेवाल्याचं मनगट वाकडंच सांधलं. आईने तिला दारात उभं केलं नाही.

गालाचे टाके निघाल्यावर ती हॉस्पिटलात गेली. दादाचा डावा कान कायमचा गेला होता, म्हणून ती उजवीकडे बसली. दारातला पोलीस दोघांवर नजर ठेवून होता.

"मी पडलो होतो," तो म्हणाला. "तरी का मारलंस?"

कड्यासाठी, असं म्हणता आलं असतं. पण ते खोटं होतं.

"राग आला होता, दादा."

"मलाही," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला. ती भेटीची वेळ संपेपर्यंत बसून राहिली. त्याने तिला जा म्हटलं नाही.